अप्रेंटिस, ट्रेनी की कामगार? शिकाऊ उमेदवारीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आयटीआय करून बाहेर पडलेली मुलं, त्यांचे पालक आणि छोट्या कारखान्यांचे एचआरवाले यांच्याकडून सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. स्टायपेंड, पीएफ, ओव्हरटाइम, अपघात असा विषय कुठलाही असो, गाडी शेवटी एकाच जागी येऊन थांबते: हातातल्या कागदावर तुमच्यासाठी कोणता शब्द वापरलाय आणि कायद्यात त्या शब्दाची व्याख्या काय आहे.

१. कायद्याच्या भाषेत अप्रेंटिस म्हणजे नेमकं कोण?

शिकाऊ उमेदवारी कायदा १९६१चा आहे. शिकाऊ उमेदवारीच्या करारानुसार प्रशिक्षण घेणारी व्यक्ती म्हणजे शिकाऊ उमेदवार, अशी त्याची व्याख्या. तिच्यात मशीनचा, युनिफॉर्मचा किंवा गेटपासचा उल्लेखच नाही, सगळी व्याख्या करारावर उभी आहे. याच कायद्याचं कलम १८ सांगतं की अप्रेंटिस हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नाही, आणि कामगारांसाठीचे कायदे त्याला लागू होत नाहीत. याला काही अपवाद आहेत, ते प्रश्न १२ आणि १६ मध्ये पाहा.

२. ऑफर लेटरवर 'ट्रेनी' लिहिलंय. ट्रेनी आणि अप्रेंटिस एकच ना?

नाही. सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. 'ट्रेनी', 'जीईटी' (ग्रॅज्युएट इंजिनिअर ट्रेनी), 'इंटर्न', 'लर्नर' ही कंपन्यांनी पाडलेली नावं आहेत. १९६१च्या कायद्याखालचा करार असेल तरच तुम्ही त्या कायद्याचे अप्रेंटिस. तसा करार नसेल, तर तुम्ही प्रत्यक्षात काय काम करता आणि कोणाच्या हुकमतीखाली करता, यावरून तुम्ही कामगार आहात की नाही हे ठरतं.

जुन्या औद्योगिक विवाद कायद्यात 'कामगार' या व्याख्येत अप्रेंटिस शब्द कंसात धरलेला होता. २१ नोव्हेंबर २०२५पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत तो वगळला आहे, पण वगळलाय तो फक्त १९६१च्या कायद्याखालचा अप्रेंटिस. त्यामुळे लाइनवर तीन पाळ्यांत उत्पादन काढणाऱ्या मुलाला नुसतं 'ट्रेनी' म्हटल्याने तो संहितेच्या बाहेर जात नाही.

ओळखायची खूण सोपी आहे. कागदावर करार नोंदणी क्रमांक, व्यवसायाचं म्हणजे ट्रेडचं नाव आणि प्रशिक्षणाची सुरुवात-शेवट तारीख आहे का, ते बघा. यातलं काहीच नसेल तर ते बहुधा साधं नेमणूक पत्र आहे.

३. हा कायदा केंद्राचा की राज्याचा? तक्रार मुंबईत करायची की दिल्लीत?

कायदा केंद्राचा, पण अंमलबजावणी वाटून दिलेली आहे. केंद्र सरकारचे उपक्रम आणि चार किंवा जास्त राज्यांत कारभार असलेल्या आस्थापना केंद्राकडे, बाकीच्या राज्य सरकारकडे. महाराष्ट्रात राज्याची बाजू व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालय सांभाळतं. जिल्ह्यात तुमचा संबंध येतो तो आयटीआयशी जोडलेल्या बीटीआरआय केंद्राशी, म्हणजे मूलभूत प्रशिक्षण व अनुषंगिक सूचना केंद्राशी. केंद्राच्या अखत्यारीतल्या आस्थापनांसाठी प्रादेशिक कौशल्य विकास व उद्योजकता संचालनालय आहे. पदवी आणि पदविकाधारकांचं काम मुंबईचं शिकाऊ उमेदवारी प्रशिक्षण मंडळ पाहतं, त्याला सगळे 'बोट' म्हणतात.

एखाद्या कंपनीचं युनिट चाकणला असेल, पण तिचा कारभार गुजरात, तमिळनाडू आणि हरियाणातही चालत असेल, तर ती केंद्राकडे मोडते. तिच्याविरुद्धचा अर्ज जिल्ह्याच्या बीटीआरआयमध्ये देऊन महिनाभर वाट पाहणारे पुष्कळ आहेत. आधी हे एकदा तपासा, म्हणजे हेलपाटे वाचतील.

४. अप्रेंटिस व्हायला वय आणि शिक्षण किती लागतं?

किमान वय १४ पूर्ण. धोकादायक उद्योगांतल्या निर्देशित व्यवसायांसाठी (प्रश्न ६) १८ पूर्ण. शिक्षणाची अट ट्रेडनुसार बदलते. काही ट्रेड पाचवी ते नववी पास असणाऱ्यांनाही खुले आहेत, त्यामुळे दहावी नापास म्हणजे दार बंद असं समजू नका. उमेदवार अज्ञान, म्हणजे १८ वर्षांखालचा, असेल तर करारावर पालकाची सही लागते. पदवी किंवा पदविकेनंतर एक वर्ष किंवा जास्त कामाचा अनुभव झाला असेल, तर त्या पात्रतेवर पदवीधर किंवा तंत्रज्ञ अप्रेंटिस होता येत नाही. म्हणून 'आधी दोन वर्षं नोकरी करू, मग अप्रेंटिसशिप बघू' हा बेत डिप्लोमावाल्यांच्या अंगाशी येतो.

५. आमच्याकडे ३८ कायम आणि ४२ कंत्राटी माणसं आहेत. आम्हाला अप्रेंटिस घ्यावेच लागतील का?

हो. २०१९च्या नियमदुरुस्तीनंतर ३० किंवा जास्त मनुष्यबळाच्या आस्थापनांना सक्ती आहे, ४ ते २९पर्यंत ऐच्छिक. मोजताना कंत्राटी माणसंही धरायची. ती वगळून '३८च आहेत' म्हणण्यात अर्थ नाही, आणि इथे तर ३८वरही सक्ती लागूच होते.

प्रमाण आहे एकूण मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के. तुमचे एकूण ८०, म्हणजे किमान २ आणि जास्तीत जास्त १२ अप्रेंटिस. कोणत्या ट्रेडमध्ये किती घ्यायचे, हे या पट्ट्यात राहून तुम्ही ठरवा. फ्रेशर (आधी ट्रेडचं प्रशिक्षण न घेता थेट आलेले) आणि कौशल्य प्रमाणपत्रधारकांसाठी ५ टक्के राखीव आहेत. मागासवर्गीयांसाठीच्या राखीव जागांची तरतूदही कायद्यातच आहे, ती वेगळी पाळावी लागते.

जागा रिकाम्या ठेवल्या तर २०१४च्या दुरुस्तीनुसार आधी नोटीस येते. खुलासा पटला नाही तर कमी पडलेल्या दर अप्रेंटिसमागे पहिले तीन महिने दरमहा ५०० रुपये, पुढे जागा भरेपर्यंत दरमहा १,००० रुपये दंड. त्या दुरुस्तीने तुरुंगवासाची शिक्षा काढून टाकली. रक्कम किरकोळ वाटते आणि म्हणूनच बरेच जण ती मनावर घेत नाहीत.

६. निर्देशित आणि ऐच्छिक व्यवसाय यांत काय फरक?

फिटर, टर्नर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन असे सरकारने अधिसूचित केलेले ते निर्देशित व्यवसाय. त्यांचा अभ्यासक्रम आणि कालावधी सरकार ठरवतं. ऐच्छिक व्यवसाय आस्थापना स्वतः ठरवते, कालावधी ६ ते ३६ महिने. हे २०१४पासून आलं आणि त्यामुळे रिटेल, लॉजिस्टिक्स, हॉस्पिटल अशा क्षेत्रांना वाट मोकळी झाली. सही करण्याआधी प्रमाणपत्र कोण देणार ते विचारा. निर्देशित व्यवसायात अखिल भारतीय व्यवसाय परीक्षा देऊन राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र मिळतं, आणि सरकारी भरतीच्या जाहिरातीत अनेकदा तेच मागतात.

७. स्टायपेंड किती मिळायला हवा?

२०१९च्या नियमांतले पहिल्या वर्षाचे किमान मासिक दर असे:

- पाचवी ते नववी: ५,००० रुपये
- दहावी: ६,००० रुपये
- बारावी: ७,००० रुपये
- आयटीआय, म्हणजे राष्ट्रीय किंवा राज्य प्रमाणपत्रधारक: ७,००० रुपये
- व्यावसायिक प्रमाणपत्रधारक: ७,००० रुपये
- पदविका: ८,००० रुपये
- पदवी: ९,००० रुपये

दुसऱ्या वर्षी १० टक्के वाढ, तिसऱ्या वर्षी १५ टक्के. म्हणजे दहावीवर घेतलेल्या फ्रेशरला दुसऱ्या वर्षी किमान ६,६०० मिळायला हवेत. मे २०२५मध्ये केंद्रीय शिकाऊ उमेदवारी परिषदेने हे दर ३६ टक्के वाढवायची शिफारस केली. तेव्हा सहीच्या दिवशी सरकारी पोर्टलवर (प्रश्न ९) दिसणारा दर हाच धरा.

हे आकडे किमान आहेत. जास्त द्यायला कोणी अडवलेलं नाही. पुढच्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत रक्कम खात्यात यायला हवी.

८. कंपनी म्हणते, 'सरकारचे पैसे आले की स्टायपेंड देऊ.' हे बरोबर आहे का?

नाही. स्टायपेंड द्यायची जबाबदारी कायद्याने आस्थापनेवर टाकली आहे. सरकारी वाटा हा योजनेतून मिळणारा आधार आहे. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत, म्हणजे नॅप्समध्ये, सरकार किमान स्टायपेंडच्या २५ टक्के आणि जास्तीत जास्त १,५०० रुपये देतं. आयटीआयवाल्याच्या ७,०००चे २५ टक्के १,७५० होतात, पण मर्यादेमुळे १,५००च येतात. उरलेले ५,५०० आस्थापनेने द्यायचे. पदवी-पदविकावाल्यांच्या नॅट्स योजनेत सरकारचा वाटा किमान दराच्या निम्मा असतो.

नॅप्सचा वाटा आता थेट तुमच्या खात्यात येतो. तो अडकायची नेहमीची कारणं दोन. एक, कंपनीने आपला हिस्सा दिल्याची नोंद त्या महिन्यात पोर्टलवर केलेली नसते. दोन, तुमच्या आधारला भलतंच खातं जोडलेलं असतं. थेट लाभाचे पैसे तुम्ही फॉर्मवर लिहिलेल्या खात्यात जातातच असं नाही, आधारला शेवटचं जोडलेलं खातं कोणतं ते पाहिलं जातं. शिष्यवृत्तीसाठी शाळेत असताना उघडलेलं आणि आता बंद पडलेलं खातं इथे घोळ घालतं. बँकेत जाऊन आधार सीडिंग कोणत्या खात्याला आहे ते विचारा. 'केवायसी झालीय का' हा वेगळा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर 'हो' आलं म्हणून सीडिंग झालेलं असेलच असं नाही.

९. करारनामा कसा होतो आणि कुठे अडतो?

आयटीआय आणि फ्रेशर यांच्यासाठी केंद्राचं अप्रेंटिसशिप इंडिया पोर्टल आहे, पदवी-पदविकेसाठी नॅट्सचं. क्रम साधारण असा: तुम्ही नोंदणी करून प्रोफाइल भरता, आस्थापना जागा टाकते, निवड झाल्यावर आस्थापना करार तयार करते, तुम्ही तो स्वीकारता आणि शिकाऊ उमेदवारी सल्लागाराकडून, म्हणजे या कायद्याखालच्या सरकारी अधिकाऱ्याकडून, तो नोंदला जातो. कायद्यानुसार आस्थापनेने कराराचा तपशील सात दिवसांत पोर्टलवर भरायचा असतो. सल्लागाराला हरकत असेल तर त्याने १५ दिवसांत कळवायचं, नाहीतर ३० दिवसांत नोंदणी.

अडतं ते बारीकसारीक गोष्टींत. आधारवर 'पाटील सचिन रमेश' आणि गुणपत्रिकेवर 'सचिन रमेश पाटील', की बसला खोळंबा. जुन्या कंपनीतला करार पोर्टलवर बंद केलेला नसतो, त्यामुळे नवा तयार होत नाही. यासाठी जुन्या आस्थापनेच्या मागे लागावं लागतं, म्हणून सोडतानाच करार रीतसर संपवून घ्या (प्रश्न १४). आणि सर्वांत वाईट म्हणजे 'करार केलाय, तू कामाला लाग' असं सांगतात आणि तो प्रत्यक्षात मसुदा म्हणूनच पडून असतो. स्वतःच्या लॉगिनमधून करार डाउनलोड करून त्यावरचा नोंदणी क्रमांक डोळ्यांनी बघा.

१०. करार नोंदलाच नाही. मग मी आपोआप कामगार ठरतो ना?

असं सगळ्यांना वाटतं, पण ते खरं नाही. उत्तर प्रदेश राज्य विद्युत मंडळ विरुद्ध शिव मोहन सिंग या २००४च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की करार झालेला असेल, तर केवळ नोंदणी झाली नाही म्हणून अप्रेंटिसचा कामगार होत नाही. करार सही केलेला आहे, प्रशिक्षण त्याप्रमाणे चाललंय आणि फक्त नोंदणी राहिलीय, अशा वेळी 'मला पर्मनंट करा' हा दावा टिकणं अवघड.

करारच नव्हता, किंवा प्रशिक्षण फक्त कागदावर आणि काम पूर्ण उत्पादनाचं, ही परिस्थिती वेगळी (प्रश्न २). तिथे हजेरीपत्रक, पाळीचे चार्ट, उत्पादनाचे आकडे आणि बँकेतल्या जमा नोंदी हा पुरावा ठरतो.

नोंदणी न झाल्याचा खरा फटका दुसरीकडे बसतो. नोंदणी नाही तर परीक्षेचं हॉलतिकीट नाही, मग प्रमाणपत्रही नाही, आणि सरकारी वाटाही मिळत नाही.

११. माझा पीएफ, ईएसआय का कापत नाहीत? तीन वर्षं अप्रेंटिस होतो, ग्रॅच्युइटीत ती धरतील का?

१९६१च्या कायद्याखालचे अप्रेंटिस पीएफ आणि ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) या दोन्हींच्या 'कर्मचारी' व्याख्येबाहेर आहेत. सामाजिक सुरक्षा संहितेनेही तेच ठेवलं आहे. त्यामुळे तुमच्या स्टायपेंडमधून पीएफ कापला जात असेल तर खूश होण्याआधी करार तपासा, बहुधा तुम्ही अप्रेंटिस नसून कर्मचारी आहात. तसं असेल तर स्टायपेंड नव्हे, किमान वेतन लागू होतं.

ग्रॅच्युइटीची सेवा मोजताना अप्रेंटिसशिपचा काळ धरत नाहीत. कायम झाल्याच्या तारखेपासून मोजणी सुरू होते.

१२. मशीनवर बोट गेलं. कंपनी म्हणते, 'तू कामगार नाहीस, भरपाई नाही.'

कंपनी चुकतेय. कलम १६ खास यासाठीच आहे. प्रशिक्षणातून आणि प्रशिक्षणाच्या ओघात झालेल्या दुखापतीसाठी आस्थापनेला कर्मचारी भरपाई कायद्याप्रमाणे भरपाई द्यावी लागते. कारखान्यातल्या आरोग्य, सुरक्षा आणि कल्याणाच्या तरतुदीही कलम १४ने अप्रेंटिसला कामगारासारख्याच लागू केल्या आहेत. गार्ड, गॉगल, हातमोजे, प्रथमोपचार हे सगळं त्यात आलं. हे जुने कायदे आता संहितांत सामावले गेले, म्हणून हक्क गेला असं नाही. जुन्या कायद्याचा उल्लेख नव्या संहितेतल्या त्याच तरतुदीचा समजून वाचायचा असतो.

ईएसआय नसल्याने दवाखान्याचा खर्च आणि भरपाई दोन्ही आस्थापनेच्या अंगावर येतात, म्हणून टाळाटाळ होते. त्याच दिवशी अपघात नोंदवहीत नोंद करून घ्या. डॉक्टरांच्या कागदावर 'घरी लागलं' असं लिहू देऊ नका.

१३. ओव्हरटाइम करायला लावतात, नगावर पैसे देतात, ट्रक उतरवायला लावतात. चालतं का?

तिन्ही चालत नाही. प्रशिक्षणाचे तास आस्थापना ठरवते, पण ओव्हरटाइमला सल्लागाराची मंजुरी लागते आणि तो प्रशिक्षणाच्या किंवा सार्वजनिक हिताचा आहे हे दाखवावं लागतं. 'ऑर्डर अर्जंट आहे' हे कारण त्यात बसत नाही. नगावर म्हणजे पीस रेटने पैसे देणं आणि उत्पादन बोनस योजनेत ओढणं कलम १३ने मना आहे. प्रशिक्षणाशी संबंध नसलेलं काम देणं हाही कायद्याने गुन्हा आहे. टर्नर ट्रेडच्या अप्रेंटिसने लेथ साफ करणं हा शिकण्याचाच भाग आहे. त्याने रोज चार तास माल उतरवणं तसं नाही.

सुट्ट्या त्या आस्थापनेत पाळल्या जातात तशाच.

१४. मधेच सोडलं तर पैसे भरावे लागतील का? आणि कंपनीने काढलं तर?

करार एकतर्फी संपत नाही. कलम ७प्रमाणे सल्लागाराकडे अर्ज करून तो संपवावा लागतो. चूक आस्थापनेची ठरली तर नियमांप्रमाणे शेवटच्या तीन महिन्यांच्या स्टायपेंडएवढी भरपाई तुम्हाला मिळते. चूक तुमची ठरली तर तुमच्याकडून किंवा जामीनदाराकडून तेवढीच वसुली होऊ शकते. न सांगता गायब होणं सगळ्यात महागात पडतं: पोर्टलवर करार चालूच राहतो आणि पुढची जागा अडते.

१५. संपल्यावर कंपनीला मला घ्यावंच लागेल का?

नाही. कलम २२ म्हणतं की भरतीचं धोरण आस्थापनेने ठरवावं. करारातच नोकरीची अट असेल तर मात्र ती दोघांवर बंधनकारक. त्या अटीतला काळ किंवा पगार अवाजवी असेल तर सल्लागार तो बदलू शकतो.

भरतीत अप्रेंटिसना अगदीच काही नाही असंही नाही. उत्तर प्रदेश राज्य परिवहन महामंडळाच्या १९९५च्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की इतर बाबी सारख्या असतील तर प्रशिक्षित अप्रेंटिसला थेट उमेदवारापेक्षा प्राधान्य द्यावं. हे प्राधान्य आहे, हमी नाही. रेल्वेत प्रशिक्षण पूर्ण केलेल्यांना मात्र लेव्हल-१च्या थेट भरतीत २० टक्के जागा राखीव असतात.

१६. मी कामगार नाही, मग छळाची तक्रार अंतर्गत समितीकडे करता येईल का?

हो, बिनदिक्कत. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३च्या कायद्यात 'कर्मचारी' व्याख्येत प्रशिक्षणार्थी आणि अप्रेंटिस स्पष्टपणे आहेत. पीएफच्या कायद्याने बाहेर ठेवलेली तीच मुलगी या कायद्यात आत आहे. 'तू तर फक्त अप्रेंटिस' हे उत्तर समितीने देताच कामा नये.

१७. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत आहे. मी अप्रेंटिस आहे का?

नाही. ती २०२४ची राज्य सरकारची योजना आहे. ती शासन निर्णयाने चालते, १९६१च्या कायद्याने नाही. वय १८ ते ३५. बारावीला ६,०००, आयटीआय-पदविकेला ८,००० आणि पदवीला १०,००० रुपये विद्यावेतन. मुदत आधी सहा महिने होती, नंतर ती ११ महिन्यांपर्यंत वाढवली. यातून मिळतं ते प्रशिक्षण पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्राच्या जागी ते चालत नाही. रेल्वेच्या राखीव जागांसाठी ते दाखवायला जाऊ नका.

१८. तक्रार कशी लिहायची?

कराराबद्दलचा वाद कलम २०प्रमाणे सल्लागाराकडे जातो (कोणता, ते प्रश्न ३). निर्णय पटला नाही तर ३० दिवसांत शिकाऊ उमेदवारी परिषदेकडे अपील. अर्जात करार नोंदणी क्रमांक, ट्रेड, सुरुवातीची तारीख आणि तक्रार एका वाक्यात लिहा: 'जुलै आणि ऑगस्टचं विद्यावेतन जमा नाही.' सोबत कराराची प्रत आणि त्या महिन्यांचं बँक पासबुक जोडा. चार पानी कैफियत नको. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोहोच म्हणून शिक्का आणि तारीख घ्या. अपिलाचे ३० दिवस मोजताना निर्णय हातात पडल्याची तारीखही लागते, तेव्हा त्याचं पाकीट टाकून देऊ नका.